भाड्याचं घर (लेखांक ६) : करार त्याच्या नावावर, राहतेय ती

संसार मोडला की बाईनं माहेर गाठायचं, हे आपल्याकडं इतकं ठरून गेलंय की घर नेमकं कुणी सोडायचं हा प्रश्न सहसा निघतच नाही. मारणारा खोलीत पंखा लावून झोपलेला, आणि मार खाल्लेली दोन पोरं नि एक बोचकं घेऊन विट्याच्या एसटी स्टँडवर. कायद्यानं मात्र २००६ पासून उलटी वाट खुली केली आहे. ती राहील आणि तो बाहेर जाईल. खोली भाड्याची असली, करार त्याच्या नावावर असला, एवढंच काय, नातं तुटलेलं असलं तरी. मागच्या लेखांकात अकरा महिन्यांचा करार पाहिला. आज त्याच कराराच्या पुढं उभी असलेली बाई पाहू.

समजा, विट्यात यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी एक बाई आहे. दोन खोल्या भाड्यानं. करारावर सही नवऱ्याची, अनामत मात्र तिनं बचत गटाचं कर्ज काढून भरलेली. मारहाणीला कंटाळून भांडण विकोपाला गेलं, तो भावाकडं राहायला गेला. दोन महिने बरे गेले. मग एका रात्री पिऊन दारात उभा. ‘माझ्या नावावर घर हाय, तू कोण मला अडवणार?’ दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप बदललं. त्यानं ते तोडलं. ती पोलीस ठाण्यात गेली. तिथं अशा बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ताई, करार कुणाच्या नावावर आहे?’ उत्तर ऐकलं की एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घ्यायची आणि ‘कोर्टात जावा’ म्हणून सांगायचं.

हवालदाराचं अगदीच चुकतं असं नाही. परक्या माणसानं घुसखोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे आणि गृह-अतिक्रमण हा दखलपात्र गुन्हा आहे. पण ज्याचं नाव करारावर आहे तो ‘माझ्याच घरात शिरलो’ म्हणतो, आणि तिथं ते कलम लंगडं पडतं. उलट, भाडेकरू असलेल्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर ठेवलं म्हणून तोच विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्याचा दावा लावू शकतो. म्हणून कुलूप बदला, जरूर बदला, पण त्याच आठवड्यात हुकूम मिळवायच्या मागं लागा. हवालदाराचं चुकतं ते दुसरीकडं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि कोर्टाकडून मिळणारे हुकूम यांची माहिती त्या बाईला देणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे. ‘कोर्टात जावा’ एवढं बोलून ते संपत नाही.

हा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्यातलं कलम १९ हे निवासाच्या हुकमांचं. त्याखाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घर सोडायला सांगू शकतात. ती ज्या भागात राहते तिथं पाऊल ठेवायला त्याला आणि त्याच्या नातेवाइकांना बंदी घालू शकतात. घरभाडं त्यानंच भरावं असंही फर्मावू शकतात. आणि ‘सामाईक घर’ या व्याख्येत भाड्याचं घर स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. दोघांपैकी कुणा एकानं भाड्यानं घेतलेलं असलं तरी पुरे. एक अपवाद लक्षात ठेवा: घर सोडून जा असा हुकूम बाईविरुद्ध देता येत नाही. सासू त्याच खोल्यांत राहत असेल तर तिला या कलमानं बाहेर काढता येणार नाही.

मध्यंतरी या व्याख्येला कोर्टानंच खीळ घातली होती. डिसेंबर २००६ मध्ये, कायदा लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोवर, सर्वोच्च न्यायालयानं बात्रा खटल्यात सामाईक घराचा अर्थ फारच आखडून लावला. नवऱ्याचं किंवा त्यानं भाड्यानं घेतलेलं, नाहीतर एकत्र कुटुंबाचं, तेवढंच सामाईक. सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहणाऱ्या सुना त्यामुळं चौदा वर्षं ताटकळल्या. १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठानं अहुजा खटल्यात तो अर्थ चुकीचा ठरवला. मालकी कुणाची हे गौण, ती तिथं नांदत होती का हे महत्त्वाचं. भाड्याच्या घराला बात्रा निकालाचा थेट फटका नव्हता, पण चुलत्याच्या किंवा सासऱ्याच्या नावानं करार असलेल्या खोल्यांचं काय, ही धाकधूक २०२० नंतर बरीच कमी झाली.

नवऱ्याला खरंच बाहेर काढतात का, अशी शंका वकीलसुद्धा बोलून दाखवतात. काढतात. मुंबईतल्या एका जोडप्याच्या प्रकरणात कुटुंब न्यायालयानं नवऱ्याला घर सोडायला सांगितलं. घरावर त्याचंही नाव होतं. उच्च न्यायालयानं तो हुकूम कायम ठेवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. मालकीच्या घरातून काढता येतं, तर अकरा महिन्यांच्या करारातून का नाही?

आता सगळ्यात नाजूक जागा. इथं घाई करू नका.

हुकूम मोडला तर शिक्षा सांगणारं कलम ३१ आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ नं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र केला आहे, आणि एकट्या त्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट तो शाबीत धरू शकतं. एवढं दणकट कलम. पण त्यात शब्द आहेत ‘संरक्षण आदेश’, म्हणजे कलम १८ चा हुकूम. घरात येऊ नको हे सांगणारा हुकूम असतो कलम १९ चा, ‘निवास आदेश’. नुसता कलम १९ चा हुकूम हातात असेल आणि तो दार ढकलून आत आला, तर त्याचा वकील उभा राहून म्हणणार, हा संरक्षण आदेश नव्हेच, ३१ लागतं कुठं? हा वाद टाळता येतो, आणि तोही अर्ज लिहितानाच. कलम १८ खाली हिंसाचार करायला, तिच्याशी कुठल्याही प्रकारे संपर्क साधायला, तिच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलांच्या शाळेत जायला बंदी मागता येते, आणि याशिवाय न्यायदंडाधिकारी ठरवतील ती कुठलीही कृती मनाई करता येते. त्या ‘कुठल्याही कृतीत’ घरात शिरणं घालायचं. तीच बंदी १८ खाली आणि १९ खालीही, दोन्हीकडं मागायची.

मागणीचा परिच्छेद कसा असावा? साधारण असं: ‘सामनेवाल्यानं स्वतः अगर त्याच्या वतीनं कुणीही, विटा येथील घर क्रमांक अमुक मधील दोन खोल्या, त्यांचा जिना, अंगण व सामाईक नळाची जागा येथे प्रवेश करू नये. अर्जदार काम करते त्या कारखान्यात व मुलं शिकतात त्या शाळेच्या फाटकापाशी येऊ नये. फोन, मेसेज अगर नातेवाइकांमार्फत संपर्क करू नये. घराची किल्ली, शिधापत्रिका व अर्जदाराचे दागिने परत करावेत. विटा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं या आदेशाच्या अंमलबजावणीस मदत करावी.’ शेवटचं वाक्य शोभेचं नाही. कलम १९(५) खाली तसा हुकूम देता येतो, आणि तो असला की ठाण्यातला प्रश्न बदलतो. करार कुणाच्या नावावर, हे विचारायची सोय उरत नाही. कलम २४ प्रमाणे हुकमाची प्रत बाईला फुकट मिळते आणि ठाण्यालाही जाते. तरी आपली एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला, खुंटीवरच्या पिशवीत ठेवावी. रात्री ११२ ला फोन लावून आलेल्या पोलिसाला कागद दाखवायला दोन मिनिटंही लागू नयेत. याच्या जोडीला कलम १९(३) आहे, ते बहुतेकजण मागायचं विसरतात: पुन्हा हिंसाचार करणार नाही म्हणून जामीनदारांसह बंधपत्र लिहून घ्यायचं. गावाकडं जामीनदार म्हणजे चुलता नाहीतर मित्र, आणि त्याचे पैसे अडकले की त्या रात्रीच्या पिण्याला जरा लगाम बसतो.

हुकूम कधी मिळतो? कायदा म्हणतो, अर्ज दाखल झाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगायला नको. म्हणूनच कलम २३ चा अंतरिम अर्ज मूळ अर्जासोबतच द्यावा. शपथपत्रावर, सामनेवाल्याला न ऐकताही, पहिल्याच दिवशी तात्पुरती बंदी मिळू शकते. शपथपत्रात तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं हे नीट हवं. ‘तो नेहमी मारतो’ या वाक्यावर कोर्ट फारसं हलत नाही. तोडलेल्या कुलपाचा फोटो, सरकारी दवाखान्याचा कागद, एनसीची प्रत, भाडं तिनं भरल्याचे फोनपेचे उतारे, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, हे सगळं जोडावं. पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडं जावं, नाहीतर १५१०० ला फोन करावा. महिलांसाठी १८१ ही आहे.

आता घरमालक. कोर्टाचा हुकूम नवऱ्यावर असतो, मालकावर नसतो. तो सोडून गेलेला नवरा मालकाला फोन करतो: ‘मालक, मी खोली सोडली, माझी अनामत परत द्या.’ मालक बिचारा कटकट नको म्हणून बाईला महिन्याची मुदत देतो. हा डाव इतका ठरलेला आहे की कायद्यानंच त्यावर उतारा ठेवला. कलम १९ चा (ङ) खंड: नवऱ्यानं घरातला आपला हक्क न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय सोडून देऊ नये. ही मागणीही अर्जात हवी, आणि तिची प्रत मालकाला देऊन पोच घ्यावी. मालकानं कोर्टात बेदखलीचा दावा लावलाच, तर फेब्रुवारी २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. बंगळुरातल्या भाड्याच्या घरात टाकून दिलेल्या बायकोचं प्रकरण. सरन्यायाधीश लाहोटींच्या पीठानं सांगितलं, भाडेकरू नवरा दावा लढत नसेल तर बायको लढू शकते, भाडं भरू शकते. मात्र नवऱ्याला नसलेला हक्क तिला मिळत नाही, आणि घटस्फोट झाला की हा हक्कही संपतो, घटस्फोटाच्या अटींत घराची तरतूद केली असेल तेवढी सोडून. त्या बाईनं समजुतीनं घटस्फोट घेतला होता आणि अटींत घराचा शब्दही नव्हता. ती हरली. परस्परसंमतीच्या अर्जावर सही करण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावं.

घटस्फोटानंतर कौटुंबिक हिंसाचार कायदा हातातून जातो का? नाही. १२ मे २०२२ रोजी न्या. शहा आणि न्या. नागरत्ना यांनी स्पष्ट केलं की अर्ज करताना एकत्र राहत असणं गरजेचं नाही, कधीकाळी एकत्र राहिले होते एवढं पुरतं. लग्न न करता नवराबायकोसारखं राहिलेल्यांनाही कायदा धरतो, मात्र त्याचे निकष २०१० आणि २०१३ च्या निकालांनी बरेच कडक करून ठेवलेत. किती काळ, एक घर, एक खर्च, चारचौघांत काय म्हणून वावरले, हे सगळं दाखवावं लागतं. आणि हा कायदा स्त्रियांसाठीच आहे. मार खाणाऱ्या पुरुषाला दिवाणी मनाईहुकमाचाच रस्ता उरतो.

विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यात आणखी एक गुंता आहे, तो दुसरीकडं क्वचितच दिसेल. इथली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. संसार तमिळनाडूत नाहीतर केरळात भाड्याच्या खोलीत, आणि भांडण झालं की बाई विट्यात माहेरी. तिनं तिकडं जाऊन, तिकडच्या भाषेत अर्ज करायचा का? कलम २७ म्हणतं, ती तात्पुरती जरी इथं राहत असली तरी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज चालतो, आणि त्यांचा हुकूम भारतभर लागू होतो. म्हणजे तिकडच्या खोलीचा ताबा आणि तिथल्या भाड्याचा बोजा नवऱ्यावर, हे इथं बसून मागता येतं. हुकूम बजावायला तिकडचं ठाणं लागणार, त्यामुळं त्या ठाण्याचं नाव अर्जातच लिहावं.

घराचा हा प्रश्न सांगली जिल्ह्याला नवा नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं टाकून दिलेल्या बायकांचा प्रश्न १९८० च्या दशकातच रस्त्यावर आणला. मागणी साधी होती: शिधापत्रिका तिच्या नावावर, डोक्यावर छप्पर तिच्या नावावर. त्याच्या थोडं आधी इंग्लंडात हेच भांडण सर्वोच्च पातळीवर गेलं होतं. लंडनच्या हॅकनी भागात नगरपालिकेचा भाड्याचा फ्लॅट, दोघांच्या नावावर, लग्न झालेलं नाही. मारहाणीमुळं ती लेकराला घेऊन आश्रयगृहात पळाली. १९७८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की करारावर त्याचं नाव असलं तरी कोर्ट त्याला बाहेर ठेवू शकतं. ऑस्ट्रिया तर १९९७ मध्ये आणखी पुढं गेलं. तिथं पोलीसच जागेवर हुकूम काढून मारणाऱ्याला घराबाहेर काढतात, कोर्ट नंतर. आपल्याकडं पोलिसाला तो अधिकार नाही. मला तो असावा असं वाटतं, निदान पहिल्या आठवड्यापुरता, कारण कोर्टाची तारीख आणि दारावरची लाथ यांचं वेळापत्रक कधीच जुळत नाही.

तोवर कराराकडं लक्ष द्या. अकरा महिने संपतात ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. त्याच्या महिनाभर आधी मालकाशी बोलून नवा करार एकटीच्या नावानं करायचा, नोंदणी ऑनलाइन होते. अनामत तिनं दिली असेल तर ते करारातच लिहायचं. कुठल्याही करारात मालकाला त्रास नको असतो, भाडं वेळेवर हवं असतं. एवढं त्याला पटलं की तो बहुधा सही करतो. मग पुढच्या वेळी ठाण्यात ‘करार कुणाच्या नावावर?’ असं विचारलं, तर ‘माझ्या’ असं सांगता येतं, आणि कलम ३२९ लंगडत नाही.

पुढच्या आठवड्यात : अनामत परत न देणारा मालक.