घाणेरी : कुंपणाला राखण, गोठ्याला धास्ती

आज घाणेरीबद्दल बोलू. कुणी तिला टणटणी म्हणतं. जिंतूरकडच्या डोंगराळ पट्ट्यात माळावर, ओढ्याकाठी, बांधावर ती दिसतेच. ती मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं हे शोभेचं झुडूप 1809 च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं. पुढचं काम पाखरांनी केलं. बुलबुल-साळुंक्या फळं खातात आणि बी दूरवर टाकतात.

आपल्या लोकांनी तिलाही कामाला लावलं. गुराखी पोरं पिकलेली काळी फळं खातात (हिरवी मात्र तोंडात घालू नयेत). वाळलेल्या काड्या चुलीला जातात. दशपर्णी अर्कात कडुनिंब, निरगुडी, करंज यांच्या जोडीला घाणेरीचा पाला असतोच. पण मोठा उपयोग कुंपणाचा. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून आपण ती बांधावर राहू देतो.

गुरं तोंड का लावत नाहीत, हे आपण फारसं विचारत नाही. पाल्यात लॅन्टाडीन नावाचं विष असतं, ते यकृत बिघडवतं. इथंच वाढलेल्या जनावराला हे ठाऊक असतं. बाजारातून नव्यानं आणलेल्याला नसतं. आणि दुष्काळात चारा संपला की जाणतं जनावरही पाला ओरबाडतं. मग ते खाणं सोडतं, रवंथ थांबतो, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात. हिरवा चारा पचताना तयार होणारं एक द्रव्य निरोगी यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. इथं ते रक्तात साचतं आणि ऊन लागताच कातडी भाजते. नाकपुडी, कास, संकरित गाईचे पांढरे पट्टे आधी सोलतात. लोक म्हणतात, ऊन लागलं. खरं तर पोट थांबल्यामुळं आतला पाला तसाच राहतो आणि विष झिरपत राहतं. म्हणून ‘उद्या बघू’ चालत नाही. जनावर सावलीत बांधावं, त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवावा आणि घाणेरी खाल्ल्याची शंका त्यांना स्पष्ट सांगावी.

दुसरी गोष्ट कापसाची. पीक निघालं तरी पिठ्या ढेकूण बांधावरच्या झाडोऱ्यावर तग धरतो, त्यात घाणेरीही आली. शेतात फवारायचं आणि बांधावर त्याला आसरा द्यायचा, हा हिशेब आम्हाला काही पटत नाही.

नुसती छाटली किंवा पेटवली तर ती पुन्हा फुटते. पावसानं जमीन मऊ झाली की, फळं धरायच्या आत, मुळासकट खणावी. उपटलेला पाला गोठ्याजवळ टाकू नये. वाळला तरी त्यातलं विष जात नाही. कुंपण हवंच असेल तर त्या जागी करवंद किंवा सागरगोटा लावता येतो.