कातळ ओला, बूट कोणता?

ट्रेकिंगचे बूट घ्यायला दुकानात शिरलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, “वॉटरप्रूफ आहेत ना?” विक्रेता लगेच मान डोलावतो आणि किंमत वाढते. सह्याद्रीत पावसाळ्यात भटकायचे असेल, तर हा प्रश्न यादीत सगळ्यात खाली हवा.

वॉटरप्रूफ बुटातली करामत असते त्याच्या आतल्या पडद्यात. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखला जाणारा पॉलिमर, हळूहळू ताणण्याऐवजी एका हिसक्यात ताणून पाहिला. तो तुटला नाही, उलट सूक्ष्म छिद्रांनी भरून गेला. या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. गोअरटेक्स ते हेच. हिमालयातल्या बर्फात आणि कोरड्या थंडीत त्याचे उपकार मोठे आहेत.

विसापूर गडाची पायऱ्यांची वाट मात्र जुलैत वाट उरत नाही, तिचा ओढा होतो. अंधारबनातून जाताना किंवा पाचनईहून हरिश्चंद्रगड चढतानाही ओढे पार करावे लागतात. तिथे पाणी कापडातून झिरपत नाही, घोट्यावरून सरळ आत ओतले जाते. पाणी अडवणारा पडदा मग ते आतच कोंडून ठेवतो. शिवाय वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी, आणि श्रावणातल्या घाटमाथ्यावर ती नसते. दोन तासांत पाय दोन्ही बाजूंनी भिजलेला असतो आणि प्रत्येक बुटात पावशेर पाणी डचमळत असते.

हा धडा अमेरिकी सैन्याने उष्ण प्रदेशातल्या जंगलात घेतला. व्हिएतनाम युद्धातल्या त्यांच्या जंगल बुटांना आतल्या बाजूने, तळव्याच्या कमानीजवळ, मुद्दाम जाळीदार भोके ठेवली होती. पाणी येणारच हे गृहीत धरायचे आणि ते लवकर जाईल एवढे पाहायचे. त्याच बुटांना पुढे ‘पनामा’ सोल आला. त्याचे दाते तिरके आणि एकमेकांपासून दूर होते, त्यामुळे चालता चालता चिखल आपोआप सुटून पडे. पावसाळी ट्रेकसाठी जाळीच्या किंवा विरळ कापडाचा, पाणी पटकन सोडणारा बूट बरा, तो याच कारणाने.

पाण्याचा प्रश्न असा निकालात निघाला की खरा प्रश्न समोर येतो, तो पकडीचा.

गिर्यारोहणाच्या बुटाच्या दातेरी रबरी तळव्याला जन्म दिला तो एका दुर्घटनेने. 1935 साली इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात अडकून मरण पावले. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळावर पातळ तळव्याची हलकी पादत्राणे अशी पद्धत होती. ती हलकी पादत्राणे थंडी आणि बर्फापुढे निरुपयोगी ठरली. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी यांनी दोन्ही कामे करील असा दातेरी रबरी सोल घडवला आणि 1937 साली तो बाजारात आणला. त्यांच्या नाव-आडनावातून ‘व्हिब्रम’ तयार झाले. 1954 साली इटालियन मोहिमेने के-टू पहिल्यांदा सर केले, तेव्हा पायांत हेच सोल होते.

पण सोलवरचा व्हिब्रमचा पिवळा शिक्का पाहून निश्चिंत होऊ नये, कारण एकाच कंपनीची रबरे अनेक प्रकारची असतात. कडक रबर डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकते आणि ओल्या बेसाल्टवर दगा देते. मऊ रबर कातळाला धरते आणि लवकर झिजते. टिकाऊपणा आणि पकड यांचे असे वाकडे आहे. सह्याद्रीपुरते मऊ रबर घ्यावे, झीज सोसावी. महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींत ‘अ‍ॅक्शन’चे स्वस्त बूट वर्षानुवर्षे चालले ते पकडीच्या जोरावर, रूपाच्या नव्हे. चिखल आणि घसाऱ्यासाठी दाते चार-पाच मिलिमीटर खोल हवेत. शेवाळावर मात्र जगातले कुठलेच रबर टिकत नाही. तिथे पाय खाचेत टाकायचा आणि हात मोकळे ठेवायचे.

मापाचे थोडक्यात: संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून बूट पाहावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. टाच मात्र उचलली जाता कामा नये.

आता बूट मरतो कसा, ते. झिजून कमी, सोल सुटून जास्त. बऱ्याच बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते. दमट हवेतले पाणी त्यातले रासायनिक बंध हळूहळू तोडते आणि एके दिवशी तो थर भुसभुशीत होऊन हातात येतो. ही झीज वापराने होत नाही, काळाने होते. म्हणूनच पाच-सात वर्षे खोक्यात जपलेला, दिसायला कोरा करकरीत बूट गडाच्या मध्यावर तोंड उघडतो आणि सुतळीने सोल बांधून खाली उतरावे लागते. कोकण-मुंबईच्या हवेत हे लवकर घडते. ईव्हीए फोमच्या मधल्या थराला हा रोग नाही, तो नुसता दबत जातो. दुसरा मारेकरी म्हणजे चूल. ओले बूट निखाऱ्यांशेजारी ठेवले की डिंक सैल पडतो आणि चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते बदलत, वाऱ्यावर सुकवणे हाच उपाय. विकत घेतानाही सोल निव्वळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हे कडेने पाहावे. शिवलेला सोल मोची बदलून देऊ शकतो.

यंदाचा पाऊस सरला आहे आणि घरोघरचे बूट माळ्यावर जायच्या बेतात आहेत. ते जाऊ देऊ नका. चिखल धुऊन, सावलीत वाळवून, खोक्याबाहेर मोकळ्या हवेत ठेवा आणि हिवाळ्यात एक-दोन गडांवर वापरा. पुढच्या जूनमध्ये पहिल्या ट्रेकच्या आठवडाभर आधी सोलचा मधला थर अंगठ्याने दाबून पाहा. भेग दिसली किंवा चुरा निघाला, तर ते बूट घरीच ठेवा.