रॉयल्टीतला ‘समान वाटा’, पण कशाचा?

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘२०१२ नंतर गाण्याच्या उत्पन्नातला निम्मा वाटा गीतकार-संगीतकारांना मिळतो.’ गाईडनी ‘उत्पन्नातला’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘कुठल्या?’ त्या गोलापायी माझे दोन तक्ते आणि अख्खा निष्कर्ष बाद झाला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आपण ज्याला ‘एक गाणं’ म्हणतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने तीन कृती असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असते. चित्रपटाच्या बाबतीत शब्द आणि चालीचे हक्कही निर्मात्याकडे आणि त्याच्याकडून कंपनीकडे जायचे. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था १९६९ मधली. तिच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने पैसे देऊन काम करून घेतलं असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच. मानधन घेतलं की विषय संपला.

२०१२ च्या दुरुस्तीने ही मालकी काढून घेतली नाही, इथे बरेच जण घसरतात (मीही घसरलेच). कलम १८ आणि १९ मध्ये भर पडली ती रॉयल्टीच्या हक्काची. शब्द-चालीचे हक्क विकले, तरी त्यांच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडता येत नाही. करारात ‘सोडला’ असं लिहिलं तरी ते रद्दबातल. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. अपवाद एकच, पण मोठा: चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजलं, तर हा वाटा नाही.

आता हिशेब करू. आकडे निव्वळ समजण्यापुरते आहेत. एका गाण्यापोटी १०० रुपये आले, त्यातले ८० ध्वनिमुद्रणाचे आणि २० शब्द-चालीचे. ‘समान वाटा’ लागतो तो या २० रुपयांना. म्हणजे १० कंपनीला, १० गीतकार-संगीतकारांना. दोघांनी सारखे घेतले तर प्रत्येकी ५. कंपनीच्या हाती ९०! गायकाचा हक्क कलम ३८ए मधला, तो वेगळा मोजायचा.

म्हणून माझ्या मते खरी ओढाताण निम्म्यावर नाहीच, ती ८० आणि २० कोण ठरवतं यावर आहे. त्यातून ते २० मुळात द्यायचे की नाही, यावरही भांडण झालं. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने एफएम केंद्रांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के दर ठरवला, पण तो ध्वनिमुद्रणाचा. केंद्रांचं म्हणणं असं, की ध्वनिमुद्रणाचे पैसे दिले, आता शब्द-चालीचे वेगळे कशाला? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात ते मानलं नाही. दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वेगळी देय आहे, असं म्हटलं.

या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर आधी तो आदेश वाचा. लांब आहे, पण १९७७ चा निकाल आणि २०१२ ची दुरुस्ती एकमेकांसमोर ठेवून वाचायला मिळतात. आणि कुठलाही रॉयल्टीचा तक्ता हाती आला, की टक्केवारीआधी रकान्याचं नाव बघा.