अनुस्फुरक तापदर्शक

अतिनील प्रकाश पडला असता स्वतः दृश्य प्रकाश देणाऱ्या आणि सोसलेल्या उष्णतेनुसार त्या प्रकाशाचा रंग कायमचा बदलणाऱ्या सेंद्रिय पदार्थांना अनुस्फुरक तापदर्शक म्हणतात. तापमापक त्या क्षणाचे तापमान सांगतो. तापदर्शक वस्तूने पूर्वी सोसलेल्या उष्णतेची नोंद ठेवतो. उष्णतेने निकामी झालेली लस पुन्हा थंड केली तरी दिसायला पूर्वीसारखीच असते. म्हणूनच थंड झाल्यावरही रंग पूर्ववत न होणे हा अशा दर्शकाचा आवश्यक गुण होय.

रचना व कार्य

अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ख्रिस्तोफ वेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे पदार्थ विकसित केले. यात ऑलिगो-फिनिलीन व्हिनिलीन वर्गातील रंजक अल्प प्रमाणात वितळलेल्या बहुवारिकात मिसळून मिश्रण झपाट्याने थंड करतात. त्यामुळे रंजकाचे रेणू काचेसारख्या कठीण माध्यमात एकमेकांपासून दूर जखडले जातात व हिरवा प्रकाश देतात. तापमान बहुवारिकाच्या काचसंक्रमण तापमानाहून वाढले, की माध्यम मऊ होऊन रेणू सरकतात आणि त्यांचे पुंजके बनतात. लगतच्या रेणूंची प्रकाशाने उत्तेजित झालेली जोडी ‘एक्सायमर’ या नावाने ओळखली जाते. तिची ऊर्जा कमी असल्याने प्रकाश नारिंगी-तांबडा होतो. तापमान जितके अधिक, तितका हा बदल जलद घडतो. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेटचे काचसंक्रमण तापमान सुमारे १०५° से., तर पॉलिब्युटिल मेथॅक्रिलेटचे सुमारे २०° से. असते, त्यामुळे योग्य बहुवारिक निवडून दर्शकाची तापमर्यादा ठरवता येते.

लसीच्या कुपीवरील दर्शक

याच उद्देशाचा, पण प्रकाश न देणारा दर्शक १९९६ पासून तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीच्या कुप्यांवर वापरात आला. त्यातील वर्तुळाच्या आत फिकट चौकोन असतो. उष्णतेने डायॲसिटिलीन संयुगाचे बहुवारिकीकरण होऊन चौकोन हळूहळू गडद होतो. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाल्यास लस वापरत नाहीत. हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसत असल्याने वीज नसलेल्या खेड्यातही आरोग्यसेविकेला निर्णय घेता येतो.

मर्यादा

अनुस्फुरक दर्शकाचा रंग पाहण्यासाठी अतिनील दिवा लागतो आणि दीर्घकाळ प्रकाशात राहिल्यास रंजक क्षीण होऊ शकते. कुपीवरील दर्शक केवळ उष्णतेची नोंद ठेवतो. लस गोठली होती का, हे त्यावरून कळत नाही. तसेच चौकोन फिकट असला तरी वापराची अंतिम तारीख वेगळी तपासावी लागते.