कोल्हापुरी जगाच्या बाजारात, पण खातं कुणाच्या नावावर?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि भारताचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं. डिसेंबरमध्ये तिने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जाहीर योजना अशी होती: सुमारे २,००० जोड इथेच बनवून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे. किंमत जोडीला अंदाजे ८०० युरो!

कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं होतं. मग असं कसं झालं? हा भारतीय कायदा भारताच्या हद्दीतच चालतो. शिवाय मानांकनाची नोंद या दोन महामंडळांच्या नावावर आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतची जनहित याचिका फेटाळली, त्यातही दाद मागण्याचा हक्क नोंदणीधारकांचा आहे हाच मुद्दा होता. कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' अशी वेगळी नोंद करावी लागते. कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे आम्हा रत्नागिरीकरांना हापूसवरून ठाऊक आहे. २०१८ मध्ये मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा 'रत्नागिरी' लिहिलेल्या पेटीतून विकला जातोच.

आता चप्पल बनवतं कोण ते पाहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावण्याचं काम परंपरेने ढोर समाजाचं, शिवण्याचं चर्मकारांचं. वेणी बहुतेक घरातल्या बायाच घालतात. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातड्याची ओढाताण वाढली, तीही याच घरांनी सोसली.

आपल्यातले काही तरुण विचारतील, आजोबा-पणजोबांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं, मग आपण जातीच्या धंद्याचं कौतुक का करायचं? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचा आक्षेप जन्मावरून माणसाला काम चिकटवण्यावर होता. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतही कौटुंबिक परंपरेवर भर आहे, आणि तमिळनाडूने ती नाकारताना हीच हरकत घेतली. मुलाने चप्पल शिवावी की संगणक शिकावा, हे त्याचं त्याने ठरवावं. पण ज्यांनी हे काम पत्करलं आहे, त्यांचा नफा दुसऱ्याने का न्यावा?

परदेशी विक्री आता पूर्वीइतकी अवघड नाही. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, पार्सल डाकघर निर्यात केंद्रातून जातं. धोकाही आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं ऑक्टोबरपर्यंत थांबवावी लागली. त्यामुळे एकाच देशावर विसंबू नये.

कार्यकर्त्यांनी मदतीला जरूर जावं, पण खरी गफलत तिथेच होते. फोटो चांगले येतात, दुकान उघडतं, आणि मोबाइल नंबर, बँक खातं, पासवर्ड मदत करणाऱ्या 'दादा'चे राहतात. मग कारागीर ऑनलाइन असूनही मजूरच. पहिल्या दिवशीच तिन्ही गोष्टी त्याच्या नावावर करा. वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी किमतीत वेगळी धरा आणि ती तिच्याच खात्यात जाऊ द्या.