काटे नसलेली ब्लॅकबेरी : परसबागेतील चार उन्हाळे



गेल्या जुलैमध्ये मी आमच्या परसबागेतील ब्लॅकबेरीचे फोटो मंडळीतील काही भगिनींना पाठवले होते. त्यावर महिला मंडळाकडून पत्र आले. ‘या झुडपाला काटे नाहीत, फळ चांगले येते. मग आपल्या आदिवासी कुटुंबांना याची रोपे देता येतील का? वर्गणी जमवायला आम्ही तयार आहोत.’ पत्र वाचून आनंद झाला. संपादकांनी सुचवले की उत्तर सर्वांसाठीच लिहावे. उत्तर ‘देऊ नयेत’ असे आहे. पण ते का, हे समजण्यासाठी आधी हे झुडूप कसे वाढते ते पाहावे लागेल.

आपल्याकडे जांभळालाही काही जण इंग्रजीत ब्लॅकबेरी म्हणतात. मी सांगते आहे ते फळ वेगळे. हे गुलाबाच्या कुळातील झुडूप आहे. फळ बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, काळेभोर, बारीक मण्यांचा झुबका असावा तसे. चव आंबटगोड.

काट्यांशी जुनी ओळख

मी डहाणू-जव्हारकडील एका मिशन दवाखान्यात बावीस वर्षे परिचारिका होते. एप्रिल-मे आला की करवंदे काढणारी मुले हात ओरबाडून घेऊन यायची. कुणाच्या बोटात काटा मोडलेला, कुणाची जखम चिघळलेली. काटा काढताना मुले रडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळीत शिरत.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल येथे राहतो. घरामागच्या कुंपणावर जंगली ब्लॅकबेरी वाढलेली होती. माझ्या पतींना फळे काढण्याचा फार हौस. पण त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. एकदा हात ओरबाडला आणि रक्त थांबायला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी बागकाम बंद करा असे सांगितले नाही, पण मुलीने सांगितले. ते आठवडाभर खुर्चीत गप्प बसून राहिले. तेव्हा जावईबापूंनी काटे नसलेली तीन रोपे आणली. मार्च २०२१ ची ही गोष्ट.

लागवड

हे झुडूप थंडी संपताना, मातीत वाफसा असताना लावतात. आम्ही शिकलो त्या गोष्टी अशा :

दिवसातून किमान सहा ते आठ तास ऊन मिळेल अशी जागा हवी. पाणी साचता कामा नये. आमची माती चिकण आणि दगडगोट्यांची, म्हणून आम्ही वीतभर उंच वाफा केला आणि त्यात कुजलेले पानखत मिसळले. माती किंचित आम्ल असलेली चांगली, म्हणजे सामू ५.५ ते ६.५. येथे कृषी विस्तार कार्यालयात मातीची तपासणी मोफत होते. ती केल्याशिवाय खत घालू नये.

जेथे अलीकडे टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा मिरची लावली होती तेथे ब्लॅकबेरी लावू नये. त्या पिकांमुळे मातीत राहणारी मर रोगाची बुरशी यालाही लागते. जंगली ब्लॅकबेरी जवळ असेल तर तीही काढावी, कारण तिच्यावरून रोग येतात. कुंपणावरची काटेरी जाळी आम्ही मुळासकट काढली.

दोन रोपांत तीन फुटांचे अंतर ठेवले. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवून जमिनीपासून ३ आणि ५ फुटांवर तारा ओढल्या, म्हणजे फळांच्या भाराने काठ्या जमिनीवर लोळत नाहीत. मुळाशी लाकडाच्या भुशाचे आणि सालींचे आच्छादन केले. आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरते, फळे भरताना त्याच्या दुप्पट लागते.

माझी चूक

त्या पहिल्या वर्षी काठ्या भराभर वाढल्या, पण फूल आले नाही. पानगळ झाल्यावर त्या वाळक्या दिसू लागल्या. मला वाटले, गुलाबासारखी छाटणी करावी. मी तिन्ही झुडपे जमिनीलगत कापून टाकली. पुढच्या वसंतात नव्या काठ्या जोमाने आल्या, पण २०२२ च्या उन्हाळ्यात एकही फळ लागले नाही. पती रोज सकाळी वाटी घेऊन जायचे आणि रिकामी वाटी परत आणायचे. मला तोंडावर काही बोलले नाहीत.

नंतर कळले ते असे. ब्लॅकबेरीचे मूळ अनेक वर्षे जगते, पण प्रत्येक काठीचे आयुष्य दोनच वर्षांचे असते. पहिल्या वर्षी काठी फक्त वाढते आणि पाने धरते. थंडी काढून झाली की दुसऱ्या वर्षी तीच काठी फुलते, फळते आणि मरते. त्या मधल्या काळात मुळातून पुढच्या वर्षासाठी नव्या काठ्या येत असतात. म्हणजे एकाच झुडपात एकाच वेळी दोन पिढ्या उभ्या असतात. मी कापल्या त्या पुढच्या वर्षी फळणाऱ्या काठ्या होत्या. (पहिल्याच वर्षी फळणाऱ्या काही जाती आता निघाल्या आहेत. आमच्या त्या नव्हेत.)

आता आमचा क्रम ठरलेला आहे. नवी काठी साडेतीन फुटांच्या आसपास गेली की उन्हाळ्यात तिचा शेंडा खुडायचा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फळ त्यांवरच जास्त लागते. फळे संपली की त्या वर्षी फळलेल्या काठ्या, आणि फक्त त्याच, जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकायच्या. फेब्रुवारीच्या अखेरीस बाजूच्या फांद्या एक ते दीड फुटावर आखूड करायच्या. ओळखायला सोपे जावे म्हणून पतींनी नव्या काठ्यांना हिरवी सुतळी आणि फळणाऱ्यांना लाल सुतळी बांधली आहे. ज्याला पहिल्यांदाच हे झुडूप लावायचे आहे त्याला मी हा एकच सल्ला देईन : कात्री हातात घेण्याआधी सुतळी बांधा.

फळ काढण्याची वेळ

फळ आधी हिरवे, मग लाल, मग चकचकीत काळे होते. चकचकीत काळे दिसले की हात पुढे जातो, पण तेव्हा ते आंबटच असते. दोन-चार दिवस थांबावे. चकाकी जाऊन काळा रंग मंद झाला आणि हलक्या हाताने फळ सुटून आले, की ते गोड झाले. तोडल्यावर ते पुढे पिकत नाही. येथे मोसम जूनमध्ये सुरू होऊन जातीप्रमाणे जुलैपर्यंत चालतो. दर दोन दिवसांनी तोडणी करावी, कारण पिकलेल्या फळात अंडी घालणारी एक बारीक माशी आहे. तोडलेली फळे लगेच फ्रिजमध्ये ठेवावीत आणि खाण्याच्या वेळीच धुवावीत.

आता पती स्वतः हात घालून फळे काढतात. ओरखडासुद्धा उठत नाही.

काटे गेले कुठे?

काही जुन्या जातींत काठीच्या फक्त बाहेरच्या थराला काटे नसतात. अशा झुडपाच्या मुळातून फुटवा आला तर तो काटेरी निघतो. आमच्या जाती तशा नाहीत. त्यांच्यातील काटे नसण्याचा गुण वंशातच आहे. तो इंग्लंडमधील मर्टन येथे निवडलेल्या एका जातीपासून आला. आर्कान्सा विद्यापीठात प्रा. जेम्स मूर यांनी १९६४ मध्ये ब्लॅकबेरीच्या संकराचे काम सुरू केले. तो गुण ताठ उभ्या राहणाऱ्या झुडपात आणायला बराच काळ लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘नवाहो’ ही जात निघाली. पुढे ‘अरापाहो’, ‘अपाची’, २००३ मध्ये ‘वॉशिटा’ आणि २००७ मध्ये ‘नॅचेझ’ आल्या. काटे नसलेले फळ हे एका पिढीचे काम नव्हते.

आमच्याकडे नवाहो, वॉशिटा आणि नॅचेझ आहेत. नातवाने एकदा पाट्या वाचून विचारले, ‘आजी, ही कुणाची नावे?’ ही अमेरिकेतील आदिवासी जमातींची नावे आहेत. विद्यापीठाने ती आपल्या जातींना दिली. नवाहो लोकांना १८६४ मध्ये सैन्याने शेकडो मैल चालवत त्यांच्या भूमीतून बाहेर नेले. १८६८ च्या तहानंतर ते परत येऊ शकले आणि आज त्यांचे राखीव क्षेत्र देशात सर्वांत मोठे आहे. नॅचेझ लोकांचे नशीब तसे नव्हते. १७२९ च्या उठावानंतर फ्रेंचांनी त्यांचा पाडाव केला, शेकडो जणांना गुलाम म्हणून कॅरिबियन बेटावर विकले. उरलेले इतर जमातींत मिसळले. विसाव्या शतकात त्यांची भाषा बोलणारे शेवटचे लोकही गेले. आमच्या घरापासून जवळच पी रिज येथे, १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना ज्या वाटेने हाकलत नेले त्या वाटेचा एक तुकडा जपून ठेवला आहे. आम्ही नातवाला तेथे घेऊन गेलो.

मग रोपे का पाठवू नयेत?

पहिले कारण थंडी. या झुडपाला हिवाळ्यात ठराविक तास गारवा लागतो, साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. नवाहोला असे ८०० ते ९०० तास लागतात, अरापाहोला ४०० ते ५००. काही जातींना त्याहून कमी पुरतात, पण डहाणू, पालघर किंवा ठाण्याकडील हिवाळ्यात तेवढेही मिळत नाहीत. झुडूप जगले तरी पाने धरील, फळ धरणार नाही. महाराष्ट्रात कुणी ‘कुठेही फळणारी ब्लॅकबेरी’ म्हणून महाग रोप विकत असेल तर पैसे देण्याआधी जातीचे नाव विचारा.

दुसरे कारण कायद्याचे. परदेशातून रोप किंवा काडी सामानात घालून आणता येत नाही. आयात परवाना आणि रोग नसल्याचा दाखला लागतो. हा नियम योग्यच आहे. एका काडीबरोबर आलेला रोग एखाद्या खेड्यातील सगळे पीक घालवू शकतो.

तिसरे कारण माझ्या मनावर अजून ओझे होऊन आहे. माझ्या नोकरीच्या काळात आम्ही एका पाड्यावर फळझाडांची कलमे वाटली होती. पावसाळ्यात सगळी टवटवीत होती. मार्चमध्ये विहीर आटली. बाया दोन मैलांवरून हंडा आणत. एक बाई मला म्हणाली, ‘सिस्टर, हंडा पोरांना देऊ की झाडाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. वाटण्याआधी हा प्रश्न आम्हीच त्यांना विचारायला हवा होता.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या मंडळाला फळझुडपांसाठीच वर्गणी जमवायची असेल तर आधी पाड्यावरील बायांना विचारावे : उन्हाळ्यात पाणी किती असते, काय विकले जाते, काय हवे आहे. त्यांनी हो म्हटले तर करवंद आहेच. त्याला काटे आहेत हे खरे, पण ते एकदा रुजले की फारसे पाणी मागत नाही, डोंगरउतारावर वाढते, आणि काट्यांमुळेच शेताला कुंपण होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची ‘कोकण बोल्ड’ ही जात काढली आहे. बी ताजेच पेरावे लागते, ठेवले तर उगवत नाही. पाऊस सुरू होताना पेरणी करावी. आणि रोपांबरोबर जाड हातमोजेही द्यावेत, ही माझी परिचारिका म्हणून सूचना.

आपल्या घरच्या बागेत ब्लॅकबेरीसारखे दिसणारे, काटे नसलेले फळ हवे असेल त्यांनी तुती लावावी. पावसाळ्यात वीतभर फांदी खोचली तरी रुजते. फळाने फरशी आणि कपडे जांभळे होतात, एवढीच तक्रार.

यंदाही आमच्या घरी जूनमध्ये फळे येतील. पतींनी लाल सुतळी आत्ताच काढून ठेवली आहे.

प्रभूमध्ये आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका