राख होण्याआधीचा कोळसा

वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची प्रत विचारली, की पहिल्यांदा राखेचा आकडा पुढे येतो. आपल्या गोंडवना कोळशात ३० ते ४० टक्के राख नेहमीचीच. पण खाणीतल्या कोळशात राख नसते, खनिजं असतात. प्रयोगशाळेत ८१५ अंश सेल्सिअसला नमुना जाळताना केओलिनाइट या मातीतलं पाणी जातं, कॅल्साइटमधला कार्बन डायऑक्साइड उडतो, पायराइटमधला गंधक जळून लोखंडाचा ऑक्साइड उरतो. मूळ खनिजं ओळखायची, तर कोळसा न जाळता पाहायला हवा.

ते काम स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप करतो. चार्ल्स ओटली यांच्या केंब्रिजमधल्या संशोधनातून घडलेलं हे यंत्र १९६५ साली बाजारात आलं.

खरी कसोटी नमुना तयार करताना लागते. पूड इपॉक्सीत बसवावी, तर इपॉक्सीही मुख्यतः कार्बनचीच. पडद्यावर दोन्ही सारखीच काळी. म्हणून कोणी कार्नोबा मेण वापरतं, कोणी इपॉक्सीत आयोडोफॉर्म मिसळतं. मग हिऱ्याच्या पेस्टने पृष्ठभाग चकचकीत करायचा, कार्बनचा पातळ थर द्यायचा आणि वडी निर्वात कक्षात ठेवायची.

इलेक्ट्रॉनचा झोत पडला, की जड अणूंकडून जास्त इलेक्ट्रॉन माघारी येतात. कोळसा काळा राहतो, माती आणि गार करडी दिसते, पायराइट लख्ख पांढरा. त्याचे काही गोळे हुबेहूब बुंदीच्या लाडवासारखे दिसतात: असंख्य स्फटिक एकाला एक चिकटलेले, आणि अख्खा गोळा जेमतेम १०-२० मायक्रॉनचा. त्याच जागेवरून निघणारे क्ष-किरण मूलद्रव्यं सांगतात. सिलिकॉनची रेघ १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, अ‍ॅल्युमिनियमची १.४९ला. दोन्ही जवळपास सारख्या उंचीच्या असल्या तर बहुधा केओलिनाइट. सिलिकॉन एकटाच असला तर गार. पायराइट आणि मार्कासाइट मात्र अशा तऱ्हेने वेगळे काढता येत नाहीत, कारण दोघांचं रासायनिक सूत्र एकच. तिथे क्ष-किरण विवर्तनाला शरण जावं लागतं.

हे क्ष-किरण साधारण मायक्रॉनभर खोलीतून येतात. अगदी वरचे काही नॅनोमीटर वाचायचे तर क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन तंत्र लागतं, ज्यासाठी उप्सालाच्या काय सीगबान यांना १९८१ साली नोबेल मिळालं. पायराइटमधल्या गंधकाची खूण १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उमटते. हवा लागून सल्फेट झालं, की ती १६९च्या जवळ सरकते. फेसावर तरंगवून कोळसा धुणाऱ्यांना ही बातमी मोलाची, कारण पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झालेला कोळसा नीट तरंगत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते खनिजाचं ठिकाण. सुटी गार धुऊन काढता येते; कोळशाच्या कणात रुतून बसलेली माती दळल्याशिवाय सुटत नाही, आणि गोंडवना कोळशात अशी बारीक विखुरलेली माती फार. बॉयलरमध्येही दोन्हींचं वागणं वेगळं. गार नळ्या झिजवते. कणाच्या आत मातीशेजारी बसलेला पायराइट तिच्याशी मिळून लवकर वितळणारी काच बनवतो, आणि तीच भिंतींना चिकटून क्लिंकर वाढतो. दोन कोळशांचा राखेचा आकडा एकच असूनही एक सुरळीत जळतो, दुसरा बॉयलर बंद पाडतो. म्हणून कोळशाच्या प्रमाणपत्रावर राखेशेजारी खनिजांची नोंदही हवी, असं माझं ठाम मत आहे.